टोपीवाल्याचा चौथा भाग

पडद्यावरचा टोपीवाला पाचव्यांदा विहिरीत पडला तेव्हा लेकीने टीव्हीचा आवाज बंद केला. ते बाबांना बोचलं.

सव्वीस वर्षं त्यांनी व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये यंत्रं सांभाळली होती. टोपीवाला त्यांच्या बोटांत मुरलेला. दोरी, तीन पावलं, उडी. डोळे मिटून खेळून दाखवायचे. आणि पंधरा दिवसांपूर्वी लेकीने हौसेने आणलेल्या या घरगुती यंत्रावर पहिलीच विहीर ओलांडता येईना.

तिने दुसरी कॅसेट काढली. "हा चौथा भाग तरी आठवतोय का?"

"चौथा भाग नव्हताच."

तिने डबी पुढे धरली. लाल टोपी, खाली ठसठशीत चारचा आकडा. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवारी स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरांकडे जायचं होतं. एकटं राहणं धोक्याचं आहे असं त्यांनी म्हटलं, की ही खोली बंद करून लेकीकडे जायचं, असं ठरलेलं.

सकाळी ते दोन्ही कॅसेटी पिशवीत घालून मेकॅनिककडे गेले. पार्लरमधला जुना जोडीदार. आता जिन्याखाली दुकान थाटून बसलेला. त्याने पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही. हातातली तारांना डाग देण्याची तापलेली कांडी बाजूला ठेवली, स्टूल पुढे सरकवलं आणि शांतपणे समजावलं. पार्लरचं यंत्र म्हणजे कपाटाएवढं धूड, त्याचा खेळ या डबड्यात मावणार कसा? म्हणून कंपनीने काटछाट केली आणि विहीर एक पाऊल अलीकडे आली. आणि भाग काढले तीनच. चौथा कुणा उपटसुंभाने दुसऱ्याच खेळाला टोपी चढवून विकलेला.

"तुझी बोटं बरोबर आहेत, गड्या. खेळच आखूड आहे."

बाबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे डोकं शाबूत होतं.

"हे लिहून दे," ते म्हणाले. "पोरीला माझं खरं वाटत नाही."

मेकॅनिकने चष्मा काढला. तो पुसून त्याने दोन ओळी लिहिल्या, खाली सही आणि तारीख घातली. रस्ता ओलांडेपर्यंत सोबतही आला. कशाला, असं बाबांनी विचारलं तर म्हणाला, पाय मोकळे करतोय.

दाराशी पोचल्यावर बाबांनी किल्लीसाठी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. किल्लीबरोबर एक घडी घातलेला कागद आला. तेच अक्षर. त्याच दोन ओळी. तीच सही. तारीख गेल्या सोमवारची.

त्यांनी तो दोनदा वाचला. तेवढ्यात दार आतूनच उघडलं. लेक आलेली होती.

"कुठे गेला होतात, बाबा?"

त्यांनी नवा कागद पुढे केला. ती वाचू लागली. जुना त्यांनी मुठीत आवळून धरला, आणि दुसऱ्या हाताची बोटं आपसूक दाराच्या चौकटीवर चालू लागली. दोरी, तीन पावलं, उडी.