बंद घराचा नंबर

नागपुरातून निघताना मैत्रीने घराची किल्ली शेजारच्या कांताबाईंच्या हातात दिली आणि तीन-तीनदा बजावलं, "दिवेलागणीला आत जाऊन दिवा लावायचा, झोपायच्या आधी मालवायचा. घर रिकामं आहे हे कुणाला कळायला नको." फोनजवळच्या कॅलेंडरवर तिने नवऱ्याचा मोबाइल नंबर दुरून दिसेल एवढा मोठा लिहून ठेवला. बॅगेत चार वर्षांच्या लेकीचा, निकिताचा पांढरा फ्रॉक घेतला. ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या गर्दीत न्यायचं म्हणून त्याच्या कॉलरच्या आत तिने कापडी पट्टी शिवली होती. पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने नाव आणि फोन नंबर. गर्दीत आईचा हात सुटू शकतो, टाका सुटत नाही, असा तिचा हिशोब.

तिचा नवरा प्रज्ञेश आठ महिन्यांपूर्वी हिंजवडीतल्या कंपनीत लागला होता आणि सदाशिव पेठेत खोली घेऊन राहत होता. "नाताळात या दोघी. चार दिवस सुट्टी टाकलीय. पुणं दाखवतो," असं त्याने फोनवर सांगितलं होतं. निकिताने ते नागपूरच्या अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

पहिला दिवस मोबाइलने खाल्ला. दुसराही. तिकडे अमेरिकेत क्लायंटला नाताळची सुट्टी, त्यांची ऑफिसं बंद, म्हणून त्यांचे सर्व्हर बदलायचे ते नेमके याच आठवड्यात. त्यांच्या सुट्टीसाठी आपली सुट्टी गेली, हे मैत्रीच्या डोक्यात शिरलं ते निखाऱ्यासारखं आत बसलं. प्रज्ञेश जिन्यात, गॅलरीत, मोरीच्या दाराशी, जिथे रेंज मिळेल तिथे उभा राहून "येस, येस, शुअर" करत होता. घरमालकीण सुशीलाबाईंनी तिसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवता ठेवता विचारलं, "काय हो, पुणं पाहिलंत का?"

"अजून नाही."

"मग यांना इथेच ठेवून जा. यांना काय, त्या डबीतच सगळं दिसतं."

मैत्री हसली नाही.

चोवीस तारखेला संध्याकाळी मात्र तिघं कॅम्पात गेले. मुख्य रस्त्यावर गाड्या बंद केल्या होत्या. डोक्यावर चांदण्यांच्या माळा, दुकानादुकानात कापसाचा बर्फ, लाल टोप्या विकणारे, आणि माणूस माणसाला चिकटलेला. निकिताने स्वेटरखाली तोच पांढरा फ्रॉक घातला होता. मैत्रीने मानेपाशी बोट घालून पट्टी चाचपली. होती.

"तिला नीट धरा. मी टोपी घेते," असं म्हणून तिने निकिताचा हात प्रज्ञेशच्या हातात दिला. टोपीवाला वीस म्हणत होता, ती दहा. पंधरावर जमलं. टोपी घेऊन ती वळली तर प्रज्ञेशचा एक हात कानाशी होता आणि दुसरा हवेत, कुणाला तरी काही समजावून सांगत.

"निकी कुठंय?"

त्याने खाली पाहिलं. मग मागे. "आत्ता इथेच होती. एक मिनिट, सर."

सर! "निकिताऽ" म्हणून मैत्रीने हाक मारली ती पिपाण्यांच्या गोंगाटात विरून गेली. प्रत्येक लाल टोपीखाली ती वाकून बघत होती. कुणी म्हणालं, चौकात पोलीस आहेत. प्रज्ञेश गर्दी कापत तिच्या मागे येत होता, आणि फोन अजून कानालाच होता.

पट्टी आहे, पट्टी आहे, असं ती स्वतःला सांगत होती. कुणीतरी वाचेल, फोन करेल. आणि तिथेच, रस्त्याच्या मधोमध, ती थबकली. पट्टीवर नागपूरच्या घराचा नंबर होता. त्या घराला तिने स्वतःच्या हाताने कुलूप घातलं होतं. दीक्षाभूमीच्या गर्दीसाठी शिवलेली पट्टी तिने जशीच्या तशी पुण्याच्या गर्दीत आणली होती. एवढी जपणारी आई, आणि एवढंही सुचू नये!

तेवढ्यात प्रज्ञेश कान चोळत पुटपुटला, "हे मधेमधे काय टुंग टुंग लावलंय... घरून फोन येतोय. कांताबाई असतील. सिलिंडर आला असेल."

"काय म्हणालात?"

"घरचा नंबर दिसतोय मघापासून. चार-पाचदा तरी आला. नंतर करू."

मैत्रीने फोन त्याच्या कानावरून ओरबाडला. आतून इंग्रजीत कुणीतरी विचारत होतं, आर यू देअर? तिने लाल बटण दाबलं. हातातच फोन वाजला.

"अवं माय, किती वेळची लावून रायली मी!" कांताबाई रडकुंडीला आल्या होत्या. "दिवा लावाले आली तं फोन वाजत होता. कोन्या एसटीडी बूथवाल्याचा. पोरगी त्याच्यापाशी हाये. फ्रॉकावरचा नंबर पाहून लावला म्हने. बेकरीच्या बाजूची गल्ली, पिवळा बोर्ड. आन् हे भाऊसाहेब उचलूनच नाही रायले!"

पिवळ्या बोर्डाखाली, काउंटरवर निकिता बसली होती. गालावर सुकलेलं पाणी, हातात केकचा तुकडा. बूथवाला म्हणाला, "बहोत रोयी, बहनजी. नंबर नागपूर का था, मैं तो घबरा गया."

मैत्रीने लेकीला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. प्रज्ञेश डोळे पुसत होता. मग, बहुधा काहीतरी बोलायला हवं म्हणून, तो म्हणाला, "पण तूही पट्टीवर माझा नंबर घालायला हवा होतास ना."

काउंटरमागचा बूथवाला गल्ल्यातल्या चिल्लरीत उगाच काहीतरी शोधू लागला.

"तुमचा?" मैत्रीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बंद घरात फोन केला तर दिवा लावायला आलेली शेजारीण उचलते. तुमचा नंबर घातला असता तर ही अजून इथेच बसली असती."

फोन पुन्हा वाजला. यावेळी ऑफिस. प्रज्ञेशचा हात सवयीने पुढे आला. फोन समोरच्या गटारात भिरकावावा असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण नागपूरच्या कॅलेंडरवर लिहिलेला नंबर हाच होता. तिने हिरवं बटण दाबलं.

"मी त्यांची बायको बोलतेय. ते सुट्टीवर आहेत," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, आणि फोन आपल्या पर्समध्ये टाकून तिने चेन ओढली. पर्समध्ये तो वाजत राहिला. तिने निकिताला खाली उतरवलं, तिच्या डोक्यावर लाल टोपी चढवली आणि तिला घेऊन ती पुढे निघाली.

"मैत्री, अगं, ते लोक..."

"सुट्टी संपली की, सव्वीस तारखेला देईन," ती न वळता म्हणाली. "तोवर हिचा हात धरा. दोन्ही हात रिकामे आहेत तुमचे."