नवरदेव आला नाही, बरं झालं

मी कामगंध सापळा. नाव ऐकून हसू आलं ना? येऊ द्या. माझी शेतमालकीण देवकाबाई तर अजून माझं नाव घ्यायची वेळ आली की पदर तोंडाला लावते.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यातला. वर हिरवं झाकण, मध्ये नरसाळं, खाली लांब पिशवी, एवढाच माझा देह. झाकणाखाली रबराची एक गोळी असते, तिला मादी पतंगाचा वास. नर बिचारे लग्नाच्या आशेनं येतात आणि थेट पिशवीत पडतात. थोडक्यात, मी खोटी नवरी. धंदा फसवणुकीचा खरा, पण पोटात पाप नाही.

वर्ध्याची कीटकतज्ज्ञ नमिता, तिनं मला जाम गावाजवळ देवकाबाईच्या मक्यात टांगलं. जामच्या चौकात देवकाबाईची भुट्ट्यांची गाडी आहे. घरचा मका तोडायचा, निखाऱ्यावर भाजायचा, लिंबू-तिखट चोळून ट्रकवाल्यांच्या हातात द्यायचा. त्या साली अमेरिकेतली लष्करी अळी आफ्रिकेतून पुढं सरकत कर्नाटकात पोचली होती. ही मक्याच्या पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळीत शिरते आणि आतल्या आत फडशा पाडते. मका गेला की देवकाबाईची गाडी बंद.

"या अळीचा नर पतंग आला तर इथं पडेल," नमितानं सांगितलं. "पंखाच्या टोकाशी पांढरा ठिपका असतो. दिसला की लगेच मला फोन करा, मावशी."

"याले म्हनाचं काय?"

"कामगंध सापळा."

देवकाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "चार लोकायत असं बोलू काय मी? मी आपली नवरदेवाची पिशवी म्हनीन."

झालं माझं बारसं! रोज सकाळी ती पिशवी चाचपायची आणि फोन करायची, "आज नवरदेव नाई आला, पोरी." कधी एखादा गावठी पतंग वाट चुकून पडायचा. तेव्हा सांगायची, "एक आलता, पन आपल्या इकडचाच हाय."

एका सकाळी माझ्या पिशवीत फडफड झाली. देवकाबाईनं ती उन्हाकडं धरली. पांढरा ठिपका! समोर कमरेएवढा मका उभा होता. "हा गेला तं मी भाजू काय?" ती पुटपुटली आणि तिनं फोन लावला.

नमिता आंघोळीला गेलेली. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या घरात फोन उचलला तिच्या आईनं, सुमतीबाईंनी. त्यांना तेव्हा उठता-बसता लेकीच्या लग्नाचाच ध्यास. देवकाबाईचा फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"नमिताले सांगा, नवरदेव आला."

"अगंबाई! कुठला?"

"बाहेरदेशातला. अमेरिकेचा दिसते."

"अमेरिकेचा? आणि दिसायला कसा आहे हो?"

"करडा हाय. एक पांढरा ठिपका हाय."

"एवढं तेवढं चालतंय. त्यांना थांबवून ठेवा, आम्ही निघालोच."

"जाते कुठी तो? मी पिशवीत बांधून ठेवला ना त्याले."

पलीकडून दबक्या आवाजात, "अहो, बांधून काय ठेवता? जरा रीतीनं घ्या, परदेशातली माणसं नाराज होतात."

देवकाबाईला वाटलं, शिकलेल्यांच्या घरी किड्यालाही मान असेल. तिनं मला काढून बाभळीच्या सावलीत टांगलं.

थोड्या वेळानं दोघी हजर. नमिता गाडी चालवत होती, मागं काठाच्या साडीत सुमतीबाई, मांडीवर कांदेपोह्यांचा डबा. हा नवरदेव म्हणजे पतंग आहे, असं लेकीनं वाटभर समजावलं होतं, पण आईची आशा सुटत नव्हती. सुमतीबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"हा?"

"हाच," देवकाबाई म्हणाली. "पसंत हाय काय?"

सुमतीबाई हसता हसता शेताच्या कडेच्या धुऱ्यावरच बसल्या. मलाही हसायचं होतं, पण पोटात पाहुणा होता.

नमिता मात्र हसली नाही. पतंग बाटलीत घालून ती मक्यात शिरली. रस्त्याकडच्या ओळींमध्ये पानांखाली अंड्यांचे पुंजके सापडले, काही पोंग्यांत बारक्या अळ्याही. आतला मका अजून स्वच्छ होता. "वेळेवर कळवलंत, मावशी," ती म्हणाली, तेव्हा देवकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिघी कामाला लागल्या. सुमतीबाईंनी काठाचा पदर खोचला आणि अंडी चिरडली. पोंग्यांत निंबोळीचा अर्क पडला. दुपारी तिघींनी धुऱ्यावर बसून ते पोहे खाल्ले. बाटली तपासणीला गेली, पतंग लष्करी अळीचाच निघाला. नमितानं अळी कुठं पोचली ते दाखवणाऱ्या आपल्या नकाशावर जामला एक ठिपका दिला आणि आसपासच्या शेतांत माझी भावंडं टांगली. देवकाबाईच्या मक्याची काही ताटं गेली, पण भुट्ट्यांची गाडी त्या हंगामात बंद पडली नाही.

आता माझा रंग उडालाय, झाकणाला तडा गेलाय. नव्या सापळ्यांना शेत देऊन मी गाडीजवळच्या कडुनिंबावर लटकतो. एक मागणं आहे. परदेशातून येताना बॅगेत लपवून बी, रोप, कलम आणू नका. हे नवरदेव उडत येतात तेवढे पुरेत, आपण कशाला त्यांची वरात आणायची?

सुमतीबाई अजून येतात, भुट्टा खातात आणि आधी विचारतात, "आज कोणी आलं का हो?"

"नाई आला, माय."

"बरं झालं," असं म्हणून त्या लिंबू जरा जास्त पिळायला सांगतात. नवरदेव आला नाही म्हणून इतका आनंद होणारा मांडव अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, आणि त्या मांडवातली नवरी मी आहे.