खाली लिहायला जागा

"एवढीच?" दारनीसनं चष्मा कपाळावर चढवला. "अख्ख्या गावातून एवढीच उत्तरं?"

"त्यातलं एक माझंच आहे," वेबसाइट करायला पादांग शहरातून आलेली रेस्ती ओशाळून म्हणाली. "फॉर्म चालतोय का ते बघायला मीच भरला होता."

गावचे वाली, म्हणजे सरपंचच, आफ्रिझाल खुर्चीत रेलून अंड्याचा चहा ढवळत होते. वाली झाले असले तरी दारनीसनं त्यांना लहानपणी नागडं नाचताना पाहिलेलं, त्यामुळे तिला एतेक, म्हणजे मावशी, म्हणताना त्यांचा आवाज जरा बेतानंच निघायचा. "एतेक, याचा अर्थ कुणाची हरकत नाही. हरकत असती तर लोक बोलले नसते? आपल्या गावाची तोंडं काय शिवलेली आहेत?"

"चहाच्या टपरीवर नाहीत शिवलेली. फोनवर आहेत."

गावाच्या वेबसाइटला नवं रूप द्यायचं होतं. जुनी फारच बुरसटली होती, हे दारनीसलाही कबूल होतं. कचेरीत ती आधी चहा करायला लागली, मग शिक्के मारायला, आणि मग टायपिंग येणारा पोऱ्या शहरात निघून गेला म्हणून टायपिंगला. तेव्हापासून गावातलं कुणी गेलं की वेबसाइटवर बातमी तीच चढवायची. कोण, कोणत्या कुळातलं, दफन कधी. ती बातमी पाकानबारू, जकार्ता, थेट मलेशियापर्यंत पोटासाठी पांगलेली पोरं वाचायची आणि खालच्या चौकटीत ओळ लिहायची.

रेस्तीनं नवं रूप दाखवलं. तळं होतं, सोनेरी जरीचं विणकाम होतं, शिंगांसारखी छपरं वर उचललेली घरं होती. दारनीस बोटानं खाली खाली सरकवत गेली. शेवटाला पोचली. परत वर आली.

"दुखवट्याचा रकाना कुठं गेला?"

"काढलाय, एतेक," वाली म्हणाले. "पाहुणे तळं बघायला येणार, त्यांना आधी मयत दिसलं तर कसं वाटेल? मयताची बातमी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकता येईल की."

"ग्रुपवर नाहीत त्यांनी काय करायचं?"

"आजकाल ग्रुपवर कोण नसतं?" वाली हसले.

दारनीस हसली नाही. तिचा झुल कुठल्याच ग्रुपवर नव्हता. घर सोडलं तेव्हा सगळ्या ग्रुपमधून निघून गेला होता आणि आईचा फोन उचलणंही त्यानं बंद केलं होतं. पण गावात कुणी गेलं की दुखवट्याखाली त्याची ओळ यायची. इन्ना लिल्लाह. झुल, पाकानबारू. तेवढंच. कधी दुपारपर्यंत यायची, कधी दुसऱ्या दिवशी, पण यायची. ती ओळ दिसली की पोरगं धडधाकट आहे एवढं कळायचं, आणि दारनीस घरी जाऊन पोटभर जेवायची. लोकांच्या मरणावर आपण जेवतो, असं एकदा तिच्या मनात आलं होतं. आलं तसं तिनं ते झटकून टाकलं.

यातलं ती कुणाला काही सांगणार नव्हती. रडगाणं गाऊन मागायची तिची जात नव्हती.

"सभा कधी?"

"शुक्रवारच्या नमाजानंतर. तोवर उत्तरं नाही आली तर हेच पक्कं."

"तोवर मी आणते उत्तरं. पण फॉर्मनं नाही."

"तबक घेऊन घरोघर हिंडणार?" वाली उठूनच बसले. "वेबसाइटसाठी? एतेक, लोक हसतील."

"हसू देत. हसायला तोंड उघडतील, तेवढ्यात विचारून घेईन."

त्या गावात पान पुढं केल्याशिवाय कुणी कुणाला लग्नाला बोलावत नाही, की घर उभारायला हात मागत नाही. पायऱ्या चढायच्या, बसायचं, तबक पुढं सरकवायचं. समोरच्यानं पान उचललं की मग बोलणं. वालींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचाही जन्म त्याच मातीतला. पण शहरच्या माणसांपुढं पानाचं तबक काढायला त्यांना लाज वाटली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दारनीसनं पेटीतला काळा रेशमी अंगरखा काढून घातला, आईचं पितळी तबक चिंचेनं घासलं, त्यात पानं, सुपारी, चुना, कात आणि तंबाखू मांडली, वर जरीचा रुमाल टाकला आणि स्वतःच्या जिन्यावरून सवयीनं एक पायरी टाळून खाली उतरली. ती पायरी मोडलेली होती. झुलनं नवी फळी रंधा मारून तयार केली होती आणि उद्या बसवतो म्हणाला होता. तो उद्या उजाडलाच नाही. फळी जिन्याखाली पडून होती. सुतार मालिन अधूनमधून विचारायचा, बसवू का म्हणून. दारनीस म्हणायची, तुला दुसरी कामं नाहीत का?

रेस्ती सोबत आली, नव्या रूपाची मोठी छापील चित्रं काखेत घेऊन.

पहिलंच घर म्हाताऱ्या दातुक राजोंचं. दातुक म्हणजे त्यांच्या कुळाचे प्रमुख. त्यांनी पान उचललं, सावकाश चावलं आणि चित्र डोळ्यांजवळ धरलं. "ही म्हैस कुणाची?"

"म्हैस?" रेस्तीनं वाकून पाहिलं. "इंटरनेटवरून घेतलीय, दातुक."

"आपल्याकडची नाही ही. शिंगं बघ. पलीकडच्या खोऱ्यातली आहे. आमच्या गावाच्या अंगणात परक्याची म्हैस बांधता?"

"फॉर्म आला होता तुमच्या फोनवर. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तो आपोआप आला होता, बाळ. आपोआप येणारं सगळं काय माणूस घेत बसतो?"

मग लेमांग, म्हणजे बांबूत शिजवलेला भात, विकणारी एती म्हणाली की चित्रातल्या लेमांगचा बांबू फार जाड आहे, असल्या बांबूत भात कच्चाच राहणार, पाहुणे शिव्या आम्हाला घालतील. गुरुजींना अक्षरं मोठी हवी होती. तळ्याकाठी खोल्या भाड्यानं देणाऱ्या यूनुसला मात्र नवं रूप जसंच्या तसं हवं होतं. रेस्ती भराभर लिहीत होती. तिचे गाल लाल झाले होते. कॉफीच्या पानांचा काढा करवंटीत घेऊन एका ओट्यावर टेकल्या, तेव्हा तिनं धीर केला.

"एतेक, रागावू नका. पण तुम्ही विचारत नाही आहात."

"मग काय करतेय?"

"दटावताय. 'दुखवट्याचा रकाना हवाच ना?' असं म्हणून डोळे वटारल्यावर नाही कोण म्हणेल? यूनुसदादांना तर तुम्ही म्हणालात, तुझी आई गेल्यावर बातमी काय म्हशीच्या शिंगाला बांधू?"

दारनीसला हसू आलं. तिनं ते काढ्याच्या घोटाबरोबर गिळलं. "बरं. पुढच्या घरी तू विचार. मी फक्त तबक धरते."

पुढचं घर तळ्याच्या वळणावरचं होतं, साम्सीनारचं. दारनीसचे पाय अंगणाच्या कडेलाच थांबले.

"हे सोडायचं का?" रेस्तीनं विचारलं.

"एक घर सोडलं तरी सभेत कुणीतरी उठणार, आम्हाला विचारलं नाही म्हणून. आणि सगळं मोडणार." ती बोलली रेस्तीशी, पण समजावत होती स्वतःला. "चल."

साम्सीनार आणि ती एकाच कुळातल्या. साम्सीनारची गुस्नी आणि दारनीसचा झुल. एका कुळातली पोरं म्हणजे बहीणभाऊ, त्यांचं लग्न होत नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. या दोघांना कळलं नाही. तेव्हा दारनीस याच अंगणात उभी राहून बोलली होती. नको तेवढं, नको तेवढ्या मोठ्यानं. गुस्नीला, तिच्या आईला आणि अंधारात जिन्यापाशी उभ्या असलेल्या स्वतःच्या पोराला. झुल त्याच पहाटे गेला. गुस्नीचं लग्न सोलोकला लावून दिलं. तेव्हापासून दारनीस या वळणावर मान फिरवून चालायची.

"कोण आहे?" वरून आवाज आला.

"मी."

"मी मी करणारे पुष्कळ येतात इथं."

"दारनीस. पान घेऊन आलेय, उनी." थोरल्या बहिणीला मारायची ती हाक.

वर फळ्या करकरल्या. मग आवाज आला, "पाय धुऊन या."

साम्सीनार चटईवर ताठ बसली होती. केस पांढरेशुभ्र झाले होते, जिभेला मात्र वय झालं नव्हतं. दारनीसनं तबक पुढं सरकवलं. तिनं त्याकडे पाहिलंही नाही. रेस्तीच्या हातातून चित्रं घेतली.

"हा गुलाबी रंग कशाला? गाव काय नवरी आहे?"

"बदलता येईल," रेस्ती म्हणाली.

साम्सीनारनं एकेक चित्र उलटलं. मग सगळी पुन्हा उलटली. "मेलेल्यांचं कुठं आहे?"

रेस्तीनं दारनीसकडे पाहिलं. दारनीस खाली बघत होती. दिलेला शब्द पाळून गप्प.

"काढलंय, आजी. परत घालायचं की नाही, तेच विचारायला आलोय."

साम्सीनारनं चित्रं बाजूला ठेवली. "आमची आई गेली तेव्हा तू आली नाहीस, दारनीस."

"नाही आले."

"बातमी मात्र लिहिलीस. आजोबांच्या नावापर्यंत सगळं बिनचूक."

"ते माझं काम होतं."

"आणि येणं? ते कुणाचं काम होतं?"

दारनीसनं तबकातली चुन्याची डबी उगीचच सरळ केली.

"त्या बातमीखाली सगळ्यात आधी कुणी लिहिलं, बघितलंस ना? तुझ्या पोरानं. तू रोज माझ्या दारावरून कचेरीत जात होतीस, मान फिरवून. आणि तो तिकडून माझ्या दारात आला. गुस्नीनं वाचून दाखवलं मला. ती वाचते अजून. नवरा, पोरं, सगळं ठीक आहे तिचं. पण गावात कोण गेलं, ते वाचते."

दारनीसनं मान वर केली.

"चुकले मी तेव्हा, उनी," दारनीस म्हणाली. "लग्नाला नाही म्हणाले, त्यात नाही चुकले. पण न येण्यात चुकले."

"एवढं तरी बोललीस." साम्सीनारनं तबक ओढून घेतलं. दारनीसला वाटलं आता ती पान उचलेल. तिनं उचललं नाही. तबक फिरवलं आणि दारनीसपुढं सरकवलं.

"हे काय?"

"सगळ्या गावाला विचारत हिंडतेयस. तुला कुणी विचारलं?"

"मी विचारणारी आहे."

"म्हणजे तुला मत नाही? तुझ्याच घरी येऊन विचारलं असतं मी. पण तुझी ती मोडकी पायरी. गेल्या ईदला खालूनच परत फिरले. म्हटलं, हिला कुणी वर चढायलाच नको असेल." तिनं रुमाल बाजूला केला. "घे. आता मी विचारतेय."

दारनीसनं तबक जवळ ओढलं. तिनं पान उचललं, चुना लावला, सुपारीचं खांड ठेवलं, घडी घालून तोंडात टाकलं. हे सगळं तिनं नीट, रीतीप्रमाणे केलं. मगच बोलली.

"रकाना राहावा. आणि त्याच्याखाली लोकांना लिहायला जागा असते, ती राहावी. तळं कुठंही टाका, रंग कुठलाही द्या. ती जागा काढू नका."

रेस्तीनं लिहून घेतलं. "कारण काय लिहू, एतेक?"

"कारण नको लिहूस," साम्सीनार म्हणाली, आणि आता तिनं स्वतःसाठी पान उचललं. "माझंही हेच मत. आमच्या दोघींचं एकच लिही."

शुक्रवारी सभागृहाच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडला. वालींनी तो दुरूनच पाहिला आणि घाईघाईनं आणखी चटया मागवल्या. परक्या म्हशीवर बराच वेळ गेला. एतीनं खरा बांबू सोबतच आणला होता. यूनुस उठला आणि म्हणाला, रकाना ठेवा हवा तर, पण खाली लिहायची चौकट नको, कुणीही काहीही लिहितं, पाहुणे वाचतात. सभा जरा त्याच्या बाजूनं कलली. दारनीसनं बोलायला तोंड उघडलं, पण तिच्याआधी साम्सीनार उठली.

"यूनुस, तुझा बाप गेला तेव्हा खाली कितीजणांनी लिहिलं? तू छापून घेतलंस ना ते सगळं? अजून भिंतीवर लावलंयस ना?"

यूनुस खाली बसला. मग हळूच म्हणाला, "पहिल्याच पानावर नका टाकू म्हणजे झालं."

तेवढ्यावर सगळ्यांचं जुळलं. दारात तळं, आत शिरलं की डाव्या हाताला दुखवट्याचा रकाना, खाली चौकट.

पुढच्या आठवड्यात रेस्ती परत आली आणि कचेरीतल्या संगणकावर सगळं मांडून बसली. जुन्या बातम्या हलवल्या होत्या, त्यांच्याखालच्या ओळीही. दारनीसनं सरकवून पाहिलं. इन्ना लिल्लाह. झुल, पाकानबारू. होती. सगळ्या होत्या.

"एतेक, चौकट चालते का बघायचंय. सगळ्यात वर चाचणीची रिकामी जागा केलीय. मयत कुणाचं नाही, घाबरू नका. काहीतरी लिहा. ज्याला ज्याला इथल्या बातम्या जातात, त्याला हेही जाईल. नंतर पुसून टाकू."

दारनीस खुर्चीवर बसली. एवढ्या वर्षांत वर ती लिहायची, खाली लोक लिहायचे. खालच्या चौकटीत तिनं कधी एक अक्षर टाकलं नव्हतं. तिनं चष्मा पुसला. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, लिहिलं.

पायरी दुरुस्त केली आहे. दारनीस, घरून.

बटण दाबलं. ओळ वर जाऊन बसली.

"चालतंय!" रेस्तीनं टाळी वाजवली. मग वाचलं आणि तिची टाळी मधेच थांबली. "पुसू, एतेक?"

"राहू दे."

ती उठली. छत्री घेतली, वालींना न विचारताच कचेरीतून निघाली आणि घराकडे न वळता सरळ सुतारवाड्यात गेली. मालिन खाटेवर आडवा होऊन दुपारची झोप काढत होता.

"ऊठ. आत्ता माझ्याकडे चल."

"आत्ता? उन्हाचं? उद्या येतो की, एतेक."

"उद्या नाही. लिहून बसलेय मी." तिनं छत्रीच्या टोकानं त्याची खाट हलवली. "फळी आहे घरी, रंधा मारून ठेवलेली. तू फक्त खिळे घे."