आठशे ऐंशी वाव

धर्माजीकाका आज संध्याकाळी आपल्या नवघर गावात पेढे वाटत येतील. घेऊ नका. सुगंधा, तू तर अजिबात नको, तुला गोड दिसलं की पुढचं-मागचं काही सुचत नाही. हसू नको गं! सांगते, सगळं सांगते, पण मध्ये बोलू नका. मध्ये बोललात तर मला रडू येईल आणि मग ते राहीलच.

आमचा शिवादादा रेतीच्या होडीवर डुबी मारतो हे तुम्हाला माहितीय. पण डुबी म्हणजे काय ते माहितीय? होडी खाडीच्या मध्यावर नेतात, एक लांब बांबू तळापर्यंत रोवतात आणि हा लोखंडी बादली घेऊन, श्वास कोंडून, बांबूला धरत धरत खाली. तळाला जाऊन बादली भरायची, दोरीला हिसका द्यायचा, वरचा माणूस बादली ओढून घेतो, हा वर येतो, दम खातो, की परत खाली. सकाळपासून भरती येईपर्यंत हेच. आणि आनंदी, तुला सांगते, खाली काळोख. भर दुपारी पण. डोळे उघडले तर रेती जाते म्हणून मिटूनच उतरतात. दादा मला एकदा म्हणाला होता, "मंदे, मी रोज खोल जातोय, पण खोल दिसतं कसं ते मला माहीतच नाय."

आता मागच्या जूनचं सांगते. मी अकरावीच्या पुस्तकांना कव्हरं घालायला स्टेशनजवळच्या रद्दीवाल्या शेठकडून गुळगुळीत कागद आणले. शेठ म्हणतो, "ले जा बेटी, अमरीका का माल है, फटेगा नहीं." घरी येऊन बघते तर त्यात एक घडीचं पान. उघडत गेले, उघडत गेले, आणि आमची अर्धी खोली भरली गं! लाल, तांबूस, जांभळी, पिवळट अशी दरी. काठावर माणसं उभी, मुंग्यांएवढी. आणि पार तळाशी एक दोरा. तो दोरा म्हणजे नदी.

दादा कामावरून आला होता, केसांत रेती तशीच. तो त्या पानापुढे जो बसला, तो आईनं तीन हाका मारल्या तरी उठला नाही. मग म्हणाला, "वाच."

मला कुठं एवढं इंग्रजी येतंय! डिक्शनरी घेऊन चार रात्री लागल्या. ग्रँड कॅन्यन. कोलोरॅडो नदीनं कोरलीय. पन्नास-साठ लाख वर्षं ती खाली खाली जातेय, रेती आणि गोटे घासत घासत. दादा म्हणाला, "म्हणजे डुबीच मारतेय की ती! बादली-बादली करून एवढं काढलं?" मी म्हटलं, हो. वरच्या थरात समुद्रातल्या शिंपल्या सापडतात, कारण तिथं कधीकाळी समुद्र होता. तळाचा काळा दगड तर पावणेदोनशे कोटी वर्षांचा. वर काठावर बर्फ पडतं, तेव्हा खाली नदीवर सदरा नको वाटतो. आणि खारी! अलीकडच्या काठाची खार वेगळी, पलीकडची वेगळी. पूर्वी दोघी एकच होत्या, पण मधे एवढी दरी, की परत कधी भेटल्याच नाहीत. दादाला ते फार लागलं. "एकमेकींना हाक पण ऐकू जात नसेल," म्हणाला.

दरवर्षी वीस-वीस लाख माणसं बघायला येतात. खेचरावर बसवून खाली नेतात, त्याचे नंबर महिनो न् महिने आधी लागतात, आणि फार जाड माणसाला खेचरावर घेतच नाहीत. हे ऐकून धर्माजीकाका पोट धरून हसले. ते राई गावचे, दादाच्या होडीचे मालक. "म्हंजे माजा नंबर न्हाय लागायचा! खेचराचीच डुबी व्हईल!"

खोली लिहिली होती एक मैल. दादानं विचारलं, "वाव किती?" एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं, होडीवर सगळं त्याच मापात. मी हिशोब केला. आठशे ऐंशी. "आणि मी साडेचार," दादा म्हणाला. "पण तिथं उजेड हाय मंदे. तळापर्यंत उजेड." दुसऱ्या दिवशी पान भिंतीवर.

आता माझी चूक सांगते. दादा आधी होडीवर दोरी ओढायचा, डुबी मारायला लागून थोडेच दिवस झाले होते, कान फुटला नव्हता. नव्या डुब्याला तिसऱ्या वावापासून कानात सुरी घातल्यासारखं दुखतं. आणि मग एक दिवस पडदा फुटतो, थोडं रक्त येतं, आणि दुखायचं थांबतं. त्या दिवशी होडीचा मालक घरी पेढे घेऊन येतो. माणूस पक्का डुब्या झाला म्हणून. आमच्याकडे बारशाला नसतं एवढं कौतुक! तर दादा एके दिवशी कान धरून घरी बसला, म्हणाला, आज जात नाही. आणि मी, मी शहाणी, भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, "आठशे ऐंशी वाव उतरायला निघालाय, आणि साडेचारात रडतोय!"

तो उठला. बादली घेऊन गेला. संध्याकाळी मानेपर्यंत रक्ताचा ओघळ घेऊन हसत आला. ते पेढे आळीत मीच वाटले. सुगंधा, तू दोन घेतले होतेस.

मग दिवाळीला रत्नागिरीहून धाकूमामा आला. तो जहाजावर खलाशी. पान बघून म्हणाला, "अरे, हे तर लॉस एंजलिसच्या बाजूलाच! आमचं जहाज तिथं जातं. बंदरात चार-पाच दिवस असतोच आम्ही. बसनं रात्रभराचा रस्ता." दादानं जेवण तसंच टाकलं. मामा म्हणाला, "माझ्या जहाजावर एक जागा होतेय. मेडिकल पास हो, बाकी मी बघतो."

त्या महिन्यात दादा बदलला हो! सकाळी बांबूवर जाताना शिट्टी वाजवायचा. खेचरावर बसणार नाही म्हणायचा, पायीच उतरेन, तळाशी जाऊन त्या नदीतली मूठभर रेती आणेन, धर्माजीकाकांच्या हातावर ठेवेन. आईनं त्याला नवा सदरा शिवला. बाबा मिठागरावर सगळ्यांना सांगत सुटले.

मेडिकलच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, कारखान्यात लागताना लोक सर्टिफिकेट नेतात, माझ्याकडे काय आहे? मग आम्ही राईला गेलो. धर्माजीकाका म्हणाले, "मी सांगतो, तू लिव्ह." आणि मी लिहिलं. चांगल्या अक्षरात, समासबिमास सोडून, खाली इंग्रजीत पण. 'शिवा हा आमच्या होडीवर चार वर्षं आहे. निर्व्यसनी आहे. आता साडेपाच वाव पाण्यात उतरतो. त्याचा उजवा कान फुटलेला असून तो पक्का डुब्या आहे.' काकांनी सही केली. म्हणाले, "पान्याच्या नोकरीला ह्याच्यापक्षी मोठा दाखला न्हाय." आम्हाला खरंच तसं वाटत होतं गं. तिघांनाही.

मुंबईला मी पण गेले. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच होतं, मी बाकावरून बघत होते. चाळीस-पन्नास माणसं, डॉक्टर घाईत. छाती, डोळे, दात. कानात कुणी बघत नव्हतं. दादाचा कागद पुढे ओढला, शिक्का उचलला. खरं सांगते आनंदी, शिक्का हातात होता. आणि दादानं खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली.

"ये क्या है?"

"दाखला, साहेब."

डॉक्टरांनी वाचलं. मराठीच होते ते. शिक्का खाली ठेवला. बॅटरी घेतली, कानात बघितलं. मग दादाच्या पाठीमागे जाऊन त्याचा डावा कान हातानं झाकला आणि हळूच काहीतरी म्हणाले. मला बाकावर ऐकू आलं, 'सत्तावीस' म्हणाले ते. दादा समोरच्या भिंतीकडे बघत हसतमुखानं उभा. तो वाट बघत होता डॉक्टर बोलायची.

"कुणी केलं हे?" डॉक्टरांनी पुढे येऊन विचारलं.

"डुबीवर फुटला, साहेब. आता कायच दुखत नाय," दादा छाती काढून म्हणाला.

डॉक्टर वाईट नव्हते. म्हणाले, "पोरा, हा कागद दाखवला नसतास तर..." दुसरा शिक्का मारला. बाहेर आल्यावर दादानं मला विचारलं, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. त्यानं परत विचारलं. मी परत वाचलं. त्याला ऐकू आलं होतं पहिल्याच वेळी, मला माहितीय.

धाकूमामा दुसऱ्याला घेऊन गेला. जायलाच हवं होतं त्याला. दादा भांडला नाही, रडला नाही. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं! मीच एकदा म्हटलं, माझ्यामुळे झालं, दादा. तर म्हणाला, "तू वाचलंस म्हणून कळलं तरी." बस. एवढंच. मग आता रोज सगळ्यांत आधी हा उतरतो, शेवटी हा निघतो. खूप वेळ खाली राहतो. काका दोरी हलवतात तेव्हा येतो.

आणि काल डावा कान. आपोआप नाही फुटला गं. होडीवरचा गोवर्धन सांगत होता, धाप लागली तरी दादा वर येईना, दोन होड्यांच्या मधल्या खोल जागी गेला, जिथं कुणी जात नाही. वर आला तर दोन्हीकडून रक्त. धर्माजीकाकांनी त्याला मिठी मारली. म्हणे, दोन्ही कान फुटलेला डुब्या राई ते चौक, अख्ख्या खाडीत दुसरा नाही. आज पेढे आहेत ते त्याचे.

सकाळी मी भिंतीवरचं पान काढून त्याच्या पुढ्यात धरलं. म्हटलं, दादा, खारीचं वाचू का? मोठ्यानं म्हटलं, शेजारच्या कमळाबाई बाहेर आल्या एवढ्या मोठ्यानं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग पान हातातून घेतलं, नीट घडी घातली, आणि माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर घालून दिलं. चित्र आतल्या बाजूला.

हे बघा. बघा ना. बाहेरून कोरं आहे.