रबराची भेग

मित्रांनो, मला पाहून मासे ठेवायची पेटी समजू नका. दम्याच्या औषधांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेतली मी जुनी काचपेटी. आता कपाटावर फुटक्या चंचुपात्रांच्या शेजारी पडून असते.

एका वृद्ध कारागिराने माझ्या काचा सांधल्या आणि झाकणाला रबराची पट्टी बसवली. "मुंगीचा श्वाससुद्धा बाहेर जाणार नाही," असे तो अभिमानाने म्हणाला होता.

माझे काम सांगताना मला आजही जड जाते. एका वेळी एक गिनीपिग माझ्यात बसवत आणि नळीतून दमा उठवणारे धुके सोडत. त्याला धाप लागली की घड्याळ थांबवून त्याला लगेच मोकळ्या हवेत काढत. झाडपाल्याचा अर्क पाजलेला प्राणी जास्त वेळ टिकला, तर त्या अर्कात गुण आहे असे समजत. प्राण्यांची देखभाल करणारे काका प्रत्येकाला उचलताना म्हणत, "चल रे राजा, थोडा वेळ सोस." तो बिचारा माझ्या काचेला नाक लावून बसे.

प्रयोग करणाऱ्या बाई मन लावून काम करत. त्यांच्या वडिलांना दमा होता. एक जिना चढताना ते तीनदा बसत. म्हणून बाईंना घाई होती. त्यांनी एका रानझुडपाच्या पानांचा अर्क काढला. अर्क न दिलेल्या प्राण्यांची पाळी आधी झाली. अर्क दिलेल्या वीस जणांची सुरू होणार, त्या सकाळी काकांनी माझ्या झाकणावरून बोट फिरवले.

"बाई, रबराला नवी भेग पडलीय. धुकं बाहेर जाईल."

"एवढीशी तर आहे, काका. हा गट होऊ दे, मग बदलू."

ते वीसही जण दुप्पट वेळ टिकले. बाईंनी आनंदाने माझ्यावर थाप मारली. वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली. वडिलांना तर त्यांनी त्याच दिवशी कळवले. माझ्या काचेआड धुके विरळ होते, हे मला ठाऊक होते. पण मला वाचा कुठली?

काही महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच अर्क फोल ठरला. बाईंनी माझ्या झाकणाला साबणाचे पाणी लावून आत हवा सोडली. भेगेतून भराभर बुडबुडे आले. बाईंनी काकांना बोलावून ते दाखवले.

"तुम्ही सांगितलं होतंत, काका. आता बाबांना काय सांगू?"

"झालं तेच सांगा. त्या वीस जणांना काय सांगायचं, ते मात्र मला सुचत नाही."

बाईंनी चूक जाहीर कबूल केली. नवे रबर लावून चाचणी पुन्हा घेतली. पुन्हा तितक्याच जिवांना धाप लागली, आणि अर्कात काहीच गुण निघाला नाही. वडील एवढेच म्हणाले, "बरं, दुसरं झाड बघ." हे बाईंनी माझ्याजवळ उभ्या राहूनच काकांना सांगितले.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती असे एखादे काम येईल. तेव्हा कुणी "जरा थांबा" म्हणाले, तर खरोखर थांबा. ज्या मुक्या जिवांना आपण आपल्या आजारासाठी धाप लावतो, त्यांचा एकही श्वास वाया घालवण्याचा हक्क आपल्याला नाही.