पंधराची तीन मिनिटं

थीराच्या सत्तरीच्या मेजवानीत गुर्लीला बोलायला पंधरा मिनिटं कबूल झाली होती. महिनाभर खपून तिनं सात पानं लिहिली होती. पहिलीच्या बाकापासूनची मैत्री. तिच्याइतका हक्क कुणाचा?

पण तिच्याआधी उठली रिगमोर. चर्चच्या गायनमंडळातली, ओळख जेमतेम सहा वर्षांची. दहा मिनिटांऐवजी ती अर्धा तास बोलली, वर स्वतः रचलेलं गाणं सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. "येन्स गेला तो आठवडाभर मी थीराकडेच झोपायला होते," असं ती म्हणाली तेव्हा थीरानं डोळे पुसले. नवरा, येन्स, वारला तेव्हा थीरा गुर्लीला फोनवर म्हणाली होती, "येऊ नकोस, मला एकटीलाच राहू दे."

भाषणांची वेळ सांभाळणारा थीराचा जावई एस्किल तिच्या कानाशी वाकला.

"गुर्ली, रागावू नकोस. तीनच मिनिटं. आत मांस कोरडं पडतंय."

"तिला नाही थांबवलंस ते?"

"गाणाऱ्या बाईला कसं थांबवू?"

गुर्लीनं पेन्सिल काढली. शाळा खोडली, ल्युबेकची सहल खोडली. पानोपानी 'तेव्हाही मीच होते' एवढंच तर होतं. रिगमोरसाठीचा शेवटचा टोमणा मात्र तिनं ठेवला: 'काही माणसं कॉफी तयार झाली की दार वाजवतात.'

ती उभी राहिली. "माझं लग्न मोडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. थीरा दर रविवारी बारा किलोमीटर सायकल मारत यायची. काही विचारायची नाही. माझ्या आईबरोबर बटाटे सोलायची आणि अंधार पडायच्या आत परत जायची. वसंत ऋतू लागेपर्यंत."

थीरा फक्त तिच्याकडे बघत होती. टोमणा ओठांवर आला. पण त्या नजरेत रिगमोरला आणून बसवायचं गुर्लीच्या जिवावर आलं. तिनं ग्लास उंचावला.

मांसाचं ताट फिरत आलं. रिगमोर शेजारून वाकून म्हणाली, "सायकलचं मला थीरानं कधी सांगितलं नाही हं. सहा वर्षांत एकदाही."

तो सूर गुर्लीला चांगला ओळखीचा होता, तिच्याच सात पानांतला.

"नसेल सांगितलं," ती म्हणाली आणि मांसाचे दोन मोठे तुकडे तिनं वाढून घेतले. कोरडे होते, तरी संपवले.