टेंभपाड्याच्या वळणाचा इतिहास

आमच्या ऑफिसात कुणाला चार ओळी लिहायच्या असल्या की कागद माझ्या टेबलावर येतो. बी.ए.ला माझा मराठी विषय होता हे मी एकदा डबा खाताना गाफीलपणे बोलून गेले, त्याची ही शिक्षा. मागच्या जानेवारीत विक्रांत साहेबांनी मला बोलावलं. विक्रांत साहेब म्हणजे आमच्या रस्ते विभागाचे इंजिनियर, वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण मला ‘माधवी मॅडम’ म्हणून हाक मारली की काम गोड होतं असा त्यांचा समज आहे. जंगलातला राज्यमार्ग रुंद होणार होता आणि वरच्या ऑफिसला त्या रस्त्याचा दोन पानी इतिहास हवा होता. आठ दिवसांत.

मी लगेच हो म्हणाले. त्याच रस्त्याच्या कडेला माझा जन्म झालाय, दोन पानं काय, वही भरून देईन असं मला वाटलं. कुठलीही गोष्ट लगेच कबूल करू नये, पण ही अक्कल मला दर वेळी काम संपल्यावर येते.

तर रस्ता असा. तो उल्हासनगर कॅम्प एकमधून निघतो, अंबरनाथ पूर्वेच्या बाजारातून हातगाड्यांना अंग चोरत बाहेर पडतो, बदलापूर गाव ओलांडतो आणि तिथून उत्तरेला जंगलात शिरतो. पुढे चौदा किलोमीटर साग, ऐन, मोह आणि माकडं. नकाशावर हा जंगलातला रस्ता पट्टी ठेवून काढल्यासारखा सरळ आहे. फक्त आमच्या टेंभपाड्यापाशी तो एकाएकी डावीकडे पोट काढतो आणि दोनशे पावलांवर पुन्हा शहाण्यासारखा सरळ होतो. तिथे टेकडी नाही, ओढा नाही, देऊळ नाही. वळणाच्या आतल्या बाजूला एक पडीक खळं आहे आणि खळ्यामागे आमचं घर.

माझे वडील हिरामण त्या रस्त्यावर छत्तीस वर्षं मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याच्या एका मैलाचा धनी आणि गडी, दोन्ही. खड्डे तो भरणार, गटारं तो उपसणार, गवत तो कापणार, झाडांच्या बुंध्यांना चुना तो लावणार. पाऊस आला की वर्षभराचं सगळं वाहून जाणार आणि दिवाळीनंतर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. बाबांनी हे छत्तीस वेळा केलं आणि एकदाही कंटाळले नाहीत. मला एवढ्या वर्षांत दोन नवरात्रांचे उपास धड जमले नाहीत.

आणि माझी आई विठा. तिचं त्या वळणाशी उभं वैर होतं. एखादा ट्रक तिथे करकचून ब्रेक मारायचा आणि आई चुलीपाशी बसल्या जागेवरून सुरू व्हायची. ज्या मेल्याने हे वळण काढलं त्याच्या ताटात जन्मभर करपलेली भाकर पडो. त्याच्या कालवणात मीठ नसो. बाबा समोर जेवत बसलेले असायचे. ते फक्त घास जरा सावकाश चावायचे.

वैराला कारण होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जुन्या गाडीवाटेची डांबरी सडक व्हायची ठरली, तेव्हा पाड्यात बातमी होती की ज्याची जमीन सडकेत जाईल त्याच्या घरच्या एकाला अंबरनाथच्या कारखान्यात कायमची नोकरी आणि राहायला खोली. सडक सरळ माझ्या आजोबांच्या, हरिचंद्र देसल्यांच्या खळ्यावरून जाणार होती. आजीने भांडी बांधायला काढली होती. अठरा वर्षांच्या आईने पाड्यातल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून टाकलं होतं की आता मी काय इथली राहिले नाही. आणि मग सडक आली आणि खळ्याला वळसा घालून निघून गेली. नोकरी नाही, खोली नाही. भांडी परत फळीवर लागली. दीड वर्षाने आईचं लग्न सडकेवरच्या मैलकुल्याशी झालं आणि आजोबांना मुलगा नसल्यामुळे जावईच घरी राहायला आला.

मी आता अंबरनाथ पूर्वेला फ्लॅटमध्ये राहते. आई कधी आलीच तर बाल्कनीत उभी राहून खालचा बाजार बघते आणि म्हणते, हे सगळं माझं व्हतं.

इतिहासासाठी मी आधी उल्हासनगरला गेले. कॅम्प एकमधले भूपेश शेठ ताडपत्र्या विकतात आणि माहिती फुकट देतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रस्त्याचा शून्य किलोमीटरचा दगड त्यांच्या शटरखाली पुरलेला आहे, कारण त्यांच्या आजोबांनी पहिल्या मजुरांना ताडपत्री दिली आणि रस्ता तिथूनच सुरू झाला. दगड बघायचा का विचारलं तर म्हणाले, दीदी, त्यासाठी दुकान पाडावं लागेल, आधी चहा घ्या. टेंभपाड्याला आमचे सरपंच मधु भाऊ यांनी सांगितलं की इंग्रज साहेबाला खळ्यावर वाघ दिसला आणि साहेबाने हुकूम दिला, वाघाला उठवू नका, रस्ता बाजूने न्या. सडक झाली तेव्हा इंग्रज जाऊन तीस वर्षं झाली होती, हे मी नम्रपणे सांगितलं. मधु भाऊ म्हणाले, साहेब एकटा मागे राहिला असेल.

शेवटी ऑफिसच्या माळ्यावर, उंदरांनी अर्धं वाचून संपवलेलं जुनं रजिस्टर मिळालं. त्यात तेव्हाच्या ओव्हरसियरच्या हस्ताक्षरात एकच ओळ होती. टेंभपाडा येथे कातळ लागल्याने रेषा पश्चिमेस वळविली.

विक्रांत साहेबांचा चेहरा एकदम फुलला. त्याचं असं झालं होतं की वळण काढून टाकून रस्ता सरळ करा, असा पाड्यातल्या बायकांचा अर्ज ऑफिसात आलेला होता. पहिली सही विठा हिरामण, ठसठशीत. पण सरळ करायचं तर बासष्ट झाडं तोडायची परवानगी आणायची, आणि जंगल खात्यात जाण्यापेक्षा साहेबांना दाताच्या डॉक्टरकडे जाणं पसंत होतं. कातळ असेल तर वळण ठेवायला कागदोपत्री कारण मिळालं. फक्त खात्री करायला म्हणून त्यांनी खळ्यावर मशीन पाठवून चार ठिकाणी भोकं पाडली. पंधरा फुटांपर्यंत लोण्यासारखी माती निघाली.

त्या रविवारी मी घरी गेले तर बाबा ओटीवर बसलेले होते आणि त्यांनी दुपारी जेवण सोडलं होतं. भोकात काय निघालं, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आई विहिरीवर गेली आहे याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली आणि मग सदुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने मला जे सांगितलं, ते ऐकून मी आधी हसले आणि मग मला हसू आवरेना म्हणून रागावले.

झालं होतं असं की ओव्हरसियर सकाळी पाड्यात आला, सरळ रेषेत लाकडी खुंट्या ठोकून घेतल्या, पाड्यातल्यांनी त्याला कोंबड्याचं जेवण घातलं आणि तो मोहाखाली आडवा झाला. बावीस वर्षांच्या हिरामणला काम दिलं होतं खुंटीला धरून चुन्याची रेघ ओढायचं. तो रेघ ओढत खळ्यापाशी आला. खळ्यावर आई भात झोडत होती. नोकरीची आणि खोलीची बातमी त्यानेही ऐकलेली होती. ही रेघ अशीच पुढे गेली की ही मुलगी अंबरनाथला जाणार, हा हिशेब त्याला रस्त्यातच कळला. त्याने अकरा खुंट्या उपटल्या आणि खळ्याला वळसा घालून परत ठोकल्या. ओव्हरसियर उठून बघतो तर वळण. आपण झोपलो होतो हे कबूल करायची त्याची छाती झाली नाही. त्याने रजिस्टरमध्ये कातळ लिहून टाकला.

मी बाबांना विचारलं, मग आता गप्प का बसत नाही. रस्ता सरळ झाला तर तुमचं काय जातं. ते अंगठ्याचं नख खरवडायला लागले. मग म्हणाले की छत्तीस वर्षांत मी जे जे केलं ते पावसाने नेलं, एक तेवढं राहिलं. ते गेलं तर मी काय केलं. मला फार वाईट वाटलं. सरकारी रस्त्यात आपल्या नावाचं काही असावं असं मैलकुल्याला वाटू शकतं, हे बापाची मुलगी असून मला कधी सुचलं नव्हतं.

वळण वाचवायचं तर ते का आहे हे सांगायला हवं होतं, आणि ते सांगितलं की आईला कळणार होतं. करपलेल्या भाकरीचा धनी कोण ते. बाबा वाघाला घाबरत नाहीत. साप त्यांनी हाताने धरलेत. पण त्या संध्याकाळी आई पाणी घेऊन अंगणात आली तेव्हा ते उठून गोठ्यात जाऊन बसले.

गुरुवारी ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये सुनावणी झाली. विक्रांत साहेब टेबलाशी, मी शेजारी कागद घेऊन, समोर सतरंजीवर पाडा. आई बायकांच्या पहिल्या रांगेत, अर्जाची झेरॉक्स मांडीवर घेऊन. साहेबांनी स्वच्छ सांगितलं की वळण ठेवायला काही खरं कारण असेल तर बोला, किंवा अर्जदार अर्ज मागे घेत असतील तर सांगा, नाहीतर रस्ता सरळ होईल. मधु भाऊंनी वाघाची गोष्ट सांगितली. या खेपेला वाघीण होती आणि पोटुशी होती. साहेबांनी ती लिहून घेतली नाही.

मग अजून कोणी आहे का असं विचारल्यावर मागून बाबा उठले. मी खाली बघितलं.

“साहेब, कातळ नव्हता, वाघ पण नव्हता,” ते म्हणाले. “वळण मी काढलंय.”

खुंट्यांचं त्यांनी सगळं सांगितलं, कोंबड्यासकट. सांगताना ते साहेबांकडेच बघत होते, चुकूनही डावीकडे, बायकांच्या रांगेकडे नाही. साहेबांचं पेन कागदावर टेकून तसंच राहिलं. त्यांनी विचारलं, पण कारण काय. बाबांनी घसा खाकरला.

“खळ्यावर हरिचंद्राची पोर भात झोडत व्हती. सडक तिथून गेली असती तर ती अंबरनाथला गेली असती.”

शेडमधली सगळी डोकी आईकडे वळली. मागे कुणीतरी खुसफुसलं. आई उठली, पदर सारखा केला, झेरॉक्सची घडी घातली. तिला टेबलापर्यंत यायला वेळ लागला आणि तेवढ्यात बाबा एकदम म्हातारे दिसायला लागले.

“म्हणजे त्या ओव्हरसियरला मी पंचेचाळीस वर्सं घातलेल्या शिव्या फुकट गेल्या,” आई म्हणाली. मग ती बाबांकडे वळली. “इतकी वर्सं का नाय बोललात?”

“तू गेली असतीस.”

“तीन पोरं काखेत घेऊन? कुटं जानार व्हते मी?”

शेड हसली, आणि साहेबही हसले, कारण त्यांना बासष्ट झाडांतून सुटका दिसत होती. त्यांनी गोड आवाजात विचारलं की मग आजी, अर्ज मागे घ्यायचा ना. बायका आईच्या तोंडाकडे बघू लागल्या. मलाही खात्री होती. अशा गोष्टींचा शेवट काय होतो हे सगळ्यांना माहीत असतं.

“नाय,” आई म्हणाली. “सरळ करा.”

बाबा सतरंजीवर खाली बसले.

“मला ठेवायला वळण घातलं, मी राहिले. त्याचं काम झालं,” ती म्हणाली. ती बोलत होती साहेबांशी, पण तिचा आवाज बाबांच्या बाजूला होता. “मागच्या सालात दोन पोरं गाडीवरून पडली तिथं. एकाचा पाय अजून सरळ नाय. त्या पोरांच्या आया माझ्या मागं बसल्यात.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी ‘अर्ज कायम’ असं लिहिलं आणि खिशातून डोकेदुखीची गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. मला आईचा भयंकर राग आला. आणि ती बरोबर बोलत होती याचा त्याहून जास्त आला. बापाची एकुलती एक करणी गावासमोर पुसली गेली, आणि तो बापडा सतरंजीचे दोरे उपटत बसला होता.

लोक उठून गेल्यावर मी कागद गोळा करत होते. आई टेबलापाशी आली आणि माझ्या इतिहासाच्या दोन पानांवर बोट ठेवून म्हणाली, यात हे लिवशील का. मी म्हटलं, आई, सरकारी कागद आहे, वरचं ऑफिस हे पास करणार नाही, पहिल्या वाचनात काट मारतील.

“मारू देत. तू लिव,” ती म्हणाली. “हिरामण मैलकुल्यानं सडक वाकवली. कुनासाठी वाकवली ते पन लिव. आनि नाव नीट लिव माझं. विठा हरिचंद्र देसले.”

तिच्या नावापुढे मी बाबांचं नाव लिहायला लागले होते, ते खोडलं. ती वाकून बघत होती.

“हिरामणची बायको लिवू नको. तवा लगिन कुटं झालं व्हतं.”

बाबा दोन पावलं मागे येऊन उभे राहिले होते, ते मला तेव्हा दिसलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते आईच्या खांद्यावरून कागदाकडे बघत होते, जरी त्यांना चष्म्याशिवाय त्यातलं एक अक्षर दिसत नाही.

“बरोबर हाय तिचं,” ते म्हणाले. “तवा कुटं खात्री व्हती.”